पाय तळालाच होता

गाडी कधी खोटं बोलत नाही, गाडीवाले बोलतात. सोलापुरात अक्कलकोट रोडवर गॅरेज टाकल्यापासून मी हे तोंडावर सांगत आलोय आणि त्यापायी चार गिऱ्हाइकं तोडलीही आहेत. ऑइल कधी बदललं विचारलं की "आत्ताच की" म्हणतात, आणि झाकण उघडावं तर आत डांबर. माझं नाव कासीम मिस्त्री. एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीवाल्यांच्या गाड्या माझ्याकडे येतात, आणि माझ्या दारातून गाडी दुखण्यासकट परत गेली असं अख्ख्या रोडवर कोणी म्हणत नाही. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगेपर्यंत वाट बघायचा माझा स्वभाव नाही.

तर यंदाच्या मे महिन्यात मोडनिंबहून शिवराज आला. त्याचं तिथं बियाण्यांचं दुकान आहे. सोबत त्याचे वडील, रामहरी तात्या. तात्यांना मी माझ्या उमेदवारीपासून ओळखतो. इथल्याच एका टॉवेल कारखान्याच्या मालकांची गाडी त्यांनी उभी हयात चालवली. त्या काळी आम्ही पोरं हातातलं काम टाकून त्यांचं रिव्हर्स घेणं बघत उभे राहायचो. गाडीला कधी ओरखडा म्हणून नाही. काम सोडून गावी गेले तेव्हा कारखान्यात मोठा सत्कार झाला होता.

शिवराजनं वर्षभरापूर्वी छोटी पेट्रोलची गाडी घेतली होती. तक्रार तात्यांनीच सांगितली. "एरवी गाडी वाऱ्यावानी पळतीया. पर हायवेला कुणाला मागं टाकाया गेलो, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चारच्या वर गेला, की मान टाकतीया. पाय काढला की परत शानी. रोज न्हाय करत. केलं तर लांबच्या पल्ल्यातच करतीया."

मी बोनेट उघडायला वळलो तसा शिवराज मला बाजूला घेऊन गेला.

"मिस्त्री, गाडीत काय बी न्हाय," तो हळूच म्हणाला. "मी रोज चालवतो की. मला एकदा बी झालं न्हाय. तात्या चालवाया बसले की हुतंय. वय झालंय त्येंचं. समोरनं ट्रक आला की पाय आपसूक उचलतोय, आन् त्येंना ते कळत न्हाय. तुमी एकदा सांगा, गाडी चांगली हाय म्हणून. तुमचं ऐकतील."

"आणि ऐकलं की मग?"

"मग चावी माझ्याकडं. आरोहीला पुण्याला सोडायला मी ड्रायव्हर सांगितलाय."

आरोही म्हणजे शिवराजची मुलगी. नर्सिंग करून तिला पुण्यातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. ती शाळेत जात होती तेव्हापासून तात्यांनी तिला शब्द दिलेला, तुझ्या पहिल्या नोकरीच्या दारात गाडी मीच उभी करणार. मालकांच्या मुलांना त्यांनी कुठल्या कुठल्या शहरात नेऊन सोडलं होतं. स्वतःच्या नातीला सोडायचं राहिलं होतं. आता त्या मानाच्या कामावर कुणी भाड्याचा ड्रायव्हर बसणार, आणि तात्या मागच्या सीटवर पिशव्या सांभाळत जाणार. मला शिवराजचा राग आला. पण आधी गाडी बघायची होती, राग कुठं पळून जात नव्हता.

माझी मुलगी हुस्ना दुसऱ्या एका गाडीखाली होती, ती बाहेर आली. तिनं ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलाय आणि आता माझ्याबरोबरच काम करते. लोक तिला "मिस्त्रीची पोरगी" म्हणतात. म्हणजे काम तिनं करायचं आणि मिस्त्री मी. तिनं स्कॅनर लावला. एक दोष नोंदलेला नाही. पेट्रोलचं प्रेशर बघितलं, बरोबर. प्लग, कॉइल, सगळं बघितलं. एअर फिल्टर काढला तर त्याच्यावर सुताचे तंतू चिकटलेले. हुस्नानं तो माझ्यापुढे धरला.

"अब्बा, ये देखो."

"काय बघायचंय त्यात?" मी म्हणालो. "ह्या रोडला कुठल्या फिल्टरवर सूत न्हाय?"

आणि ते खरंच आहे. आमच्याकडे यंत्रमागांची धूळ हवेतच असते. सायकलवर, चहाच्या कपबशीवर, माणसांच्या भुवयांवर सूत बसतं. मी फिल्टर बदलून टाकला आणि तात्यांना म्हणालो, चला, तुम्हीच चालवा, मी शेजारी बसतो.

कुंभारीच्या पुढं रस्ता मोकळा लागला तशी तात्यांनी गाडी ताणली. काटा चार, साडेचार, पाच. गाडी अशी गेली की मला हँडल धरावं लागलं. परत येताना पुन्हा ताणली, पुन्हा तशीच गेली. तात्या घामाघूम झाले होते. आपली गाडी चांगली निघाली म्हणून कुणाचा चेहरा इतका पडलेला मी पाहिला नव्हता. गॅरेजच्या दारात शिवराज उभा होता. तो माझ्याकडे बघून हसला.

"कासीमभाई," तात्या उतरताना म्हणाले, "माझा पाय उचलत न्हाय रं. तुला तरी पटतंय का?"

"मला पटून काय उपयोग तात्या? गाडीनं म्हणायला पायजे."

हे बोललो आणि दिवसभर मला माझाच राग येत राहिला.

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा हजर. आरोहीसाठी कपडे घ्यायला ते सोलापूरला निघाले होते, तात्या चालवत होते, आणि मोहोळच्या अलीकडे एका ट्रकला मागं टाकताना ऐन मधेच गाडीनं मान टाकली. समोरून एसटी येत होती. तात्यांनी कशीबशी गाडी आत घेतली. शिवराज शेजारीच होता. त्याची नजर एसटीवर, पायाकडे कोण बघतंय?

"आता तर मी डोळ्यांनी बघितलं," तो म्हणाला. "भ्याले तात्या. पाय उचलला. आज सोक्षमोक्ष करा मिस्त्री, आजपासनं चावी माझ्याकडं." चावी त्याच्या शर्टाच्या खिशात होती. तो फोन आला म्हणून समोरच्या चहाच्या टपरीवर गेला. तात्या स्टुलावर बसले, मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. शिक्षा ऐकायला बसल्यासारखे.

हुस्नानं मला न विचारता पहिल्यांदा फिल्टरच काढला. मागच्या आठवड्यात घातलेला, कोरा. त्याच्यावर पुन्हा सूत. हिरवं.

"अब्बा, एक सांगू? चिडू नका."

"सांग. चिडायचं का नाही ते मी बघतो."

"ही गाडी मोडनिंबची आहे. एमआयडीसीत उभी नसते. मोडनिंबात माग कुठं आहेत?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. जन्मभर सूत बघून बघून मला सूत दिसेनासं झालं होतं, आणि पोरीला दिसलं होतं. शिवाय मागांची धूळ सगळ्या रंगांची मिळून मळकट असते. हे एकाच रंगाचं, लांब, पिळाचं सूत होतं. टॉवेलचं असतं तसं.

मी तात्यांपुढे उकिडवा बसलो. "तात्या, घरनं गाडी काढताना तुमी काय काय करता? सगळं सांगा. एक बी सोडू नका."

"काय करणार? पाणी बघतो, ऑइल बघतो. चाकांवरनं हात फिरवतो. काच पुसतो. टॉवेल ठेवतो, उदबत्ती लावतो, आन् निघतो."

"टॉवेल कुठं ठेवता?"

"कुठं म्हंजी? इंजिनावर. वला करून." तात्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "ऊन काय पडलंय बघतुयास न्हवं. पेट्रोल उकळतंय की."

मी कपाळाला हात लावला. जुन्या गाड्यांना पेट्रोलचा पंप पुढं इंजिनाजवळ असायचा. सोलापूरच्या उन्हात पंपातलं पेट्रोल उकळायचं आणि गाडी बंद पडायची. म्हणून सगळे ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे. मीही कैक गाड्यांवर ठेवलंय. पण आताच्या गाडीत पंप मागच्या सीटखाली, टाकीत बुडालेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"आणि मागच्या वेळी हितं आणली तवा टॉवेल कुठं होता?"

"काढला हुता की, आज बी काढलाय. पिशवीत ठेवला." मग जरा अडखळून म्हणाले, "राग मानू नगं, पर गॅरेजात टॉवेल दिसला की त्येचं हात पुसायचं फडकं हुतंय. ह्यो तसला न्हाय."

त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला. गडद हिरवा, जाडजूड, काठाला पिवळी वेल. आणि मधोमध मागावर विणलेली अक्षरं: रामहरी. खाली बारीक: गुणी सारथी. सत्काराच्या दिवशी मालकांनी खास त्यांच्यासाठी विणून घेतला होता. आमच्याकडे पाहुण्याला टॉवेल-टोपी देतातच, पण नाव विणलेला टॉवेल कामगारांत कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही.

"असला टॉवेल इंजिनावर घालता?" मी ओरडलोच. "वाळला आणि सायलेन्सरवर पडला असता तर? गाडी पेटली असती तात्या. पोर आत बसणार होती तुमची."

तात्यांचा चेहरा पांढरा झाला. टॉवेल छातीशी धरत म्हणाले, "लई पाणी धरून ठेवतोय म्हणून घातला. आन् वाटलं, मला मान मिळाला, गाडीला बी मिळू दे."

मग माझ्याच्यानं पुढं ओरडवेना. मी टपरीकडे बघितलं. शिवराज अजून फोनवर होता.

"हे बघा," मी हळू म्हणालो. "टॉवेल पिशवीत टाका आणि इसरा. मी शिवराजला सांगतो, हवेचा पाइप मऊ पडला हुता, बदलला. तुमचा पाय बी वाचला आणि टॉवेल बी. इषय संपला."

तात्यांनी टॉवेलवरच्या नावाकडे बघितलं. मग उठून उभे राहिले. मला ते एकदम पूर्वीचे वाटले, पांढऱ्या कपड्यांत मालकांच्या गाडीचं दार धरून उभे असायचे तसे.

"खोट्यानं चावी घेऊ व्हय कासीमभाई? लेकाकडनं? बोलव त्येला. टॉवेल माझा हाय आन् पाय बी माझा हाय. दोनी बघू दे त्येला."

शिवराजला बोलावलं. सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण त्याचा विश्वास बसला नाही हे त्याच्या ओठांवरच दिसत होतं. "टॉवेलनं कुटं गाडी थांबती का," म्हणाला. मी म्हणालो, माझ्या गॅरेजचा नियम आहे, दुखणं डोळ्यांनी दिसल्याशिवाय औषध नाही. तात्या, घरी ठेवता तसाच ठेवा.

तात्यांनी नळावर टॉवेल भिजवला, पिळला, घडी घातली आणि देवाला वस्त्र घालावं तसा इंजिनावर पुढच्या बाजूनं नीट ठेवला. त्याचं एक टोक खाली लोंबत होतं, फिल्टरकडे हवा नेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी. हुस्नानं ते मला डोळ्यांनीच दाखवलं. तात्या स्टिअरिंगवर, शिवराज त्यांच्या शेजारी, मागं मी आणि स्कॅनर मांडीवर घेऊन हुस्ना.

कुंभारीच्या पुढं तात्यांनी ताणली. काटा चार. साडेचार. पाच. गाडी सुसाट गेली.

शिवराजनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. वळसंग आलं तरी गाडी मान टाकायला तयार नाही. तात्यांचे खांदे हळूहळू खाली येत चालले होते. आता परत फिरू, असं मी म्हणणार, तेवढ्यात हुस्ना म्हणाली, "तात्या, थांबू नका. एसी चालू ठेवा आणि जाऊ द्या तशीच पुढं."

"का गं?"

"टॉवेल अजून ओला आहे. ओला टॉवेल जड असतो, जागचा हलत नाही. एसीनं इंजिनाची धग वाढेल, वाळू द्या."

मोडनिंबहून निघाल्यावर मोहोळच्या आसपास. लांबच्या पल्ल्यातच. रोज नाही. मनातल्या मनात सगळे नटबोल्ट एकदम घट्ट बसले. ही माझी पोरगी. मला तिथंच तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण हाताला ग्रीस होतं आणि तिला ते आवडत नाही.

आम्ही बरंच पुढं गेलो. ऊन तर असं की रस्ता पातळ दिसत होता. मग गाडी वळवली. पुढं उसाचा रिकामा ट्रॅक्टर चालला होता, समोरचा रस्ता मोकळा.

"तात्या, घ्या त्याच्या पुढं," मी म्हणालो. "आणि शिवराज, रस्ता बघू नका. तात्यांचा पाय बघा."

तात्यांनी गिअर उतरवला आणि पाय दाबला. काटा तीन, चार, आणि एकदम गाडीचा आवाज घोगरा झाला. कुणी तोंडावर उशी दाबावी तशी ती गुदमरली. काटा खाली यायला लागला. ट्रॅक्टर पुन्हा आमच्या पुढं सरकला.

"हवा गेली अब्बा," हुस्ना स्कॅनरकडे बघत म्हणाली. "ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला दाखवतोय आणि हवा निम्मी बी नाही."

पण स्कॅनर कोण बघतंय? शिवराज खाली वाकून बघत होता. तात्यांची चप्पल ॲक्सिलेटरवर होती आणि ॲक्सिलेटर तळाला टेकला होता. घोट्याची शीर फुगली होती. पाय तसूभर हलत नव्हता.

"बघितलास?" तात्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

"बघितला," शिवराज म्हणाला.

तात्यांनी पाय काढला, गाडी कडेला घेतली. मी उतरून बोनेट उघडलं तेव्हा टॉवेल पुन्हा गरीब गाईसारखा जागेवर पडला होता, टोक खाली लोंबलेलं. हेच टोक वाळलं की जोरात ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर पाइपच्या तोंडावर जाऊन बसायचं, आणि पाय काढला की गळून पडायचं. साक्षीपुरावा काही मागं नाही. फक्त टॉवेलच्या त्या टोकावर पाइपच्या तोंडाएवढा काळा गोल उमटला होता. शिवराजनं बोट फिरवून तो गोल बघितला.

"तात्या," तो म्हणाला, "मी उगाच..."

"असू दे. चूक माझीच हाय. नव्या गाडीला जुनं औषीद घातलं." मग तात्या मान ताठ करून म्हणाले, "पर पाय उचलला न्हाय."

शिवराजनं टॉवेल झटकला, घडी केली आणि वडिलांच्या खांद्यावर टाकला. नाव वर येईल असा. सत्कार करताना टाकतात तसा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ट्रॅक्टरवाला तेवढा मागं वळून बघत गेला. तात्यांनी डोळे पुसले, पण टॉवेलनं नाही, सदऱ्याच्या बाहीनं.

गॅरेजवर आल्यावर हुस्नानं पाइप, फिल्टरचा डबा सगळं साफ करून दिलं. निघताना शिवराज सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडे गेला, हात लावला, आणि तसाच गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. तात्यांनी गाडी रिव्हर्समध्ये काढली. दोन ट्रकांच्या मधून, एकदाच, कुठं न थांबता. रोडवरची माझ्या वयाची सगळी माणसं काम टाकून बघत उभी होती.

जूनमध्ये पुण्याहून फोन आला. तात्या मोठमोठ्यानं बोलत होते, जसं काही पुण्याहून सोलापूरला आवाज पोचवायची जबाबदारी त्यांचीच होती. "कासीमभाई, दारात उभा हाय दवाखान्याच्या. पोरगी आत गेली बघ. कुटं मान न्हाय टाकली गाडीनं. टॉवेल खांद्यावर हाय." मागून आरोहीचा हसण्याचा आवाज आला. ती अजून आत गेलेली नव्हती, आजोबांना घाई झाली होती.

पुढच्या महिन्यात तात्या एकटेच गाडी घेऊन आले. गाडीचं काही काम नव्हतं. जुन्या कारखान्यात जाऊन आलो म्हणाले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्यापुढे धरलं. उघडलं तर टॉवेल. निळा, जाड, काठाला पांढरी वेल. मधोमध विणलेलं: हुस्ना मिस्त्री.

आमच्या गॅरेजच्या पाटीवर मिस्त्री एकच आहे, मी. ते दोन शब्द शेजारी शेजारी मी कधी वाचले नव्हते. आता ते सुतात विणले होते, पुसून जाणार नव्हते. हुस्ना गाडीखालून बाहेर आली, तिनं वाचलं आणि काळे हात मागं घेतले.

"अब्बा, तुम्ही घ्या. माझे हात खराब आहेत."

माझेही खराबच होते. मी नळावर गेलो, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, आणि मग तो घेतला.